चारशेची खुर्ची

आठ नंबरच्या खुर्चीवरचा निळा ठिपका बुधवारी सकाळी गायब झाला.

व्हर्लन गँडी आपल्या टायरच्या दुकानात फोन हातात धरून उभा होता. फोनवर स्टेडियमचा नकाशा होता आणि विकायला लावलेल्या प्रत्येक खुर्चीवर निळा ठिपका. विद्यापीठाचा फुटबॉल संघ लागोपाठ सहा सामने हरलेला, तेव्हा ठिपक्यांना काय तोटा! पुरळ उठावं तसा सगळा नकाशा भरला होता. चौदाव्या रांगेत, आठ नंबरवर मात्र आता काही नव्हतं.

"विकली!" तो स्वतःशीच म्हणाला. "चारशेला विकली!"

ती खुर्ची लेनोराची, त्याच्या घटस्फोटित बायकोची. शेजारची सात नंबरची त्याची. दोन वर्षांपूर्वी कोर्टाने घर तिला दिलं, ट्रक याला दिला आणि व्हर्लनच्या वडिलांपासून चालत आलेल्या दोन खुर्च्या एकेक वाटून दिल्या. तेव्हापासून लेनोरा एकदाही सामन्याला आली नव्हती. यंदा विद्यापीठाने नवा नियम काढला: येणार नसाल तर खुर्ची विकायला लावा, नाहीतर पुढच्या वर्षीचा हक्क गेला. सप्टेंबरात कंबर धरली तेव्हा व्हर्लननेही लावली होती. त्याच आठवड्यात कंबर सुटली, त्याने खुर्ची परत घेतली, ठिपका गेला.

लेनोराने लावली ती चारशे डॉलरला. आजूबाजूच्या खुर्च्या चाळीसवरून वीसवर आल्या, वीसवरून बारावर, तरी हिची चारशेलाच. कोण घेणार? दर शनिवारी ती व्हर्लनच्या शेजारी रिकामी राहायची, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटायचं. तिथे परका कुणी बसलेला त्याला खपला नसता. कधीतरी लेनोराच परत येऊन बसेल, अशी वेडी आशाही होती. ती त्याने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

आणि आता कुणीतरी चारशे मोजले होते.

गावात असा उधळ्या एकच, कॉय हेंब्री. ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक, विधुर, डोक्यावर सदा पांढरी हॅट. लेनोरा त्याच्याच ऑफिसात कामाला. एकदा पावसात तो तिला घरी सोडायला आला, तेव्हा व्हर्लनने बोलू नये ते बोलून टाकलं. असलं काही नाही, असं ती शपथेवर सांगत राहिली. हा ऐकेना. संसार मोडला तो त्यावरून.

दुपारी मिस ओडेसा टार्पली टायर बदलायला आली. वय एक्याऐंशी. पंधराव्या रांगेत, बरोबर त्याच्या मागे, ती चाळीस वर्षं बसत होती. लेनोराची चर्चमधली मैत्रीण.

"शनिवारी येतोयस ना रे?"

"बघू."

"बघू काय, बघू? हरायला लागले म्हणून पाठ फिरवणार? गुपचूप ये."

"आठ नंबर गेली, मिस ओडेसा. चारशेला. कुणी घेतली ते मला चांगलं ठाऊक आहे."

 म्हातारी पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधू लागली.

"तुला सगळंच आधी ठाऊक असतं. पहिल्यापासूनच. मी एवढंच सांगते, शनिवारी तू जागेवर हवास."

"म्हणजे तुम्हाला मागे बसून मजा बघता येईल!"

"गाढव आहेस झालं. बरं, त्या बुळबुळीत उकडलेल्या शेंगा खातोस का अजून?"

"खातो की. का?"

"काही नाही, सहज."

म्हातारीला आता विषयाचंही भान राहत नाही, असं त्याला वाटलं. शेंगांवरून मात्र लेनोराच आठवली. तिला तो वास सहन व्हायचा नाही. त्याने पिशवी उघडली की ती नाकाला रुमाल लावायची आणि म्हणायची, "तू आणि तुझ्या शेंगा!"

त्या संध्याकाळी त्याने ताट तसंच बाजूला सारलं. तीन तास कॉयच्या मांडीला मांडी लावून बसायचं? आणि सगळी चौदावी रांग आपल्याकडे बघणार? छे! पण बघितल्याशिवायही राहवेना. लेनोरा त्याच्यासोबत येते का, ती कशी हसते, हे बघायचंच होतं.

त्याने सात नंबर विकायला लावली. तीस डॉलर. कुणी विचारलं नाही. वीस. नाही. बारा. शुक्रवारी चिडून त्याने नऊ केले, आणि वडिलांची खुर्ची तासाभरात गेली. मग त्याने सगळ्यात वरच्या मजल्यावरचं पाच डॉलरचं तिकीट घेतलं आणि हरणांच्या शिकारीची दुर्बीण पिशवीत टाकली.

शनिवारी दुपारी लख्ख ऊन होतं. वरच्या मजल्यावर तो जवळजवळ एकटाच. त्याने दुर्बीण लावली. सातवर पाहुण्या संघाचं नारिंगी जॅकेट घातलेला एक जाडजूड माणूस ऐसपैस बसला होता. आठ रिकामी होती. मागे मिस ओडेसा सारखी मान वळवून जिन्याकडे बघत होती.

तेवढ्यात जिन्यावर पांढरी हॅट दिसली. व्हर्लनने दुर्बीण डोळ्यांवर घट्ट दाबली. हॅट चौदाव्या रांगेपाशी आली, थांबली आणि खाली उतरून दुसऱ्या रांगेत, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली.

मग लेनोरा आली. तिने केस नीट बांधले होते. अंगात तो जुना निळा स्वेटर होता, व्हर्लननेच घेतलेला. त्याने तिच्या मागे पाहिलं, मग आणखी मागे. कुणी नव्हतं. ती आठ नंबरपाशी येऊन थांबली आणि सातकडे बघत राहिली. ओडेसाने तोंडावर हात ठेवला.

लेनोराने त्या माणसाला काहीतरी विचारलं. त्याने हसत फोन काढून तिच्यापुढे धरला आणि दोन्ही हातांची नऊ बोटं दाखवली.

ती हळूच खाली बसली. तिच्या हातात ओली झालेली कागदी पिशवी होती. थोड्या वेळाने तिने ती शेजारच्या माणसापुढे केली, आणि तो एकेक शेंग सोलून खाऊ लागला.