वीतभर

फाट्. फाट्. फाट्-फाट्.

"ऐकलंत ना, ताताय?" आर्निल ओरडला. "सव्वीस महिने लढला नाही म्हणे, गंजला म्हणे! आवाज ऐका, आवाज! फरक पडलाय कुठे?"

तिबुरने पॅड खाली केले. जिममधले सगळेच त्याला बापाच्या जागी धरून ताताय म्हणतात. चाळीस वर्षं तो बॉक्सरांपुढे पॅड धरून उभा आहे. बर्फाच्या कारखान्यामागचं पत्र्याचं छप्पर तव्यासारखं तापलं होतं. सकाळीच बातमी आली होती: आर्निलच्या लढतीची तारीख मिळाली. सहा आठवड्यांनी, ओसाकाला. समोर बावीस वर्षांचा जपानी. जिमने टाळ्या वाजवल्या. एकट्या तिबुरने वाजवल्या नाहीत.

"झालंय काय तुम्हाला?" आर्निल वैतागला. "सहा तारखा आल्या, सहाही गेल्या. कधी समोरचा आजारी, कधी टीव्हीवाल्यांचं भांडण, कधी सूटबूटवाले एकमेकांविरुद्ध कोर्टात. दरवेळी मी उपाशी राहून वजन उतरवलं. एक दिवस सराव चुकवला नाही. आता सातवी खरी निघाली, तर तुमचं तोंड कुजक्या बांगड्यासारखं!"

"तो आवाज तुझा नाही," तिबुर म्हणाला. "माझा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं डोकं!" म्हातारा भडकला. "पॅड धरणारा चार बोटं पुढे येतोच. सगळेच येतात. पण मी किती येतोय, बघितलंस कधी? वर्षभर रोज थोडा जास्त. तुझी मूठ पोचत नाही, तर मीच तिला वाटेत गाठतो नि वाजवतो. लोक म्हणतात, वा रे चॅम्पियन! आणि खांदा उतरतोय माझा!"

"खोटं आहे."

तिबुरने रिंगच्या कोपऱ्यातल्या खांबाला पाठ टेकवली. कोपरं बरगड्यांशी आवळली. "आता मी येणार नाही. नुसता पॅड तुझ्याकडे वळवून उघडीन नि मिटीन. पूर्वी उघडायच्या आत तुझी मूठ तिथे असायची. मार."

पहिला ठोसा काठाला घासून गेला. दुसरा हवेत. तिसऱ्यात आर्निलने सगळं अंग घातलं. मूठ पोचली तेव्हा पॅड वळला होता. ठोसा म्हाताऱ्याच्या मनगटावर बसला. तो कळवळला, पण कोपर सुटलं नाही.

दोरीवर उड्या मारणारे थांबले.

"दिसतोय मला," आर्निल म्हणाला. "पॅड उघडलेला दरवेळी दिसतोय."

"दिसणारच. दिसणं नाही गेलं तुझं."

"मग एवढा सराव केला तो पाण्यात गेला?"

"धक्क्यावर कुपा कापायची सुरी असते ना, दोंग, माझ्या पोरा? तू ती सव्वीस महिने रोज घासलीस. मासा एकही कापला नाहीस. पातं झिजून सुतळीएवढं झालं, नि लेका तू मला धार दाखवतोस!"

"मग आधी नाही सांगायचं?"

"तारीख कुठे होती? तारीख नसलेल्या माणसाला काय सांगू, की वाट बघ आणि संपत जा?"

स्टुलावरचा फोन वाजला. हातात ग्लोव्ह्ज होते, म्हणून आर्निलने वाकून नाकानेच बटण दाबलं. मॅनेजर फेर्मिनचा आवाज जिमभर घुमला.

"चॅम्पियन! जपानवाले लाइनवर आहेत. विचारतायत, तुमचा गडी शाबूत आहे ना? जरा पॅड ऐकव त्यांना. ऐकलं की लगेच सही करतात. आणि हे बघ, या वेळी नाही म्हणालास तर चॅम्पियनचा पट्टा काढून घेतील."

आर्निल स्टुलापाशी उभा राहिला. घाम फोनच्या काचेवर टपकत होता. एका शब्दात नाही म्हणता आलं असतं. म्हटलं की पट्टा गेला. हो म्हटलं तर सहा आठवड्यांनी त्या बावीस वर्षांच्या पोरापुढे उभं राहायचं, आणि तो काही पॅड घेऊन येणार नव्हता.

"हॅलो? आहेस का रे?"

"आहे, बॉस. ऐका."

तो कोपऱ्यात आला. तिबुर अजून खांबाला टेकून होता, कोपरं बरगड्यांशी तशीच.

"ताताय," आर्निल फोनला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "पुढे या."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. "किती?"

आर्निलने मुठी वर घेतल्या.

"वीतभर."

तिबुरची पाठ खांबापासून सुटली.

फाट्. फाट्. फाट्-फाट्.

फोनमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या.