टेंबे सरांचा भुंगेरा

सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या टेंबे सरांची शिस्त म्हणजे शिस्त. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या किड्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी सर अंगावर धावून जात. "चिमट्यानं अलगद उचला! मेला म्हणून काय झालं, त्याचा मान राखायला शिका!" नवा शिपाई नाथाजी शिराळ्याचा, नागपंचमीला जिवंत नाग धरणाऱ्या घरातला. त्याला सरांचं हे बोलणं अगदी पटलं.

सोमवारी नाथाजीनं आणून दिलेला भुंगेरा सरांनी भिंगाखाली घेतला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. काळ्या कुळकुळीत डोक्यावर एक पिवळा ठिपका, त्याला लागून एक लाल! असला भुंगेरा एकाही पुस्तकात नव्हता. सरांनी भर वर्गात त्याला स्वतःचं आडनाव देऊन टाकलं. पोरांनी बाकं बडवली.

"नाथाजी, असे आणखी मिळतील का रे?" सरांनी घाईघाईनं विचारलं.

"मिळत्याल की सायेब, उसात लय हायत. पर उद्याच्याला आणतो. आज पुजायला घरात हळद-कुकूच न्हाई ऱ्हायलं."