घंटेवरचं नाव

सीमेपलीकडे फ्रान्समधल्या आपल्या गावच्या चर्चची घंटा ऐकायला माजी मंत्र्याने रोजच्यासारखी खिडकी उघडली. घंटा त्यानेच दिलेली, तिच्यावर नावही त्याचंच. महायुद्धानंतर देशाने हाकललं, पण आपलं नाव अजून गावावर घुमतंय, एवढ्याच आधारावर तो स्पेनमध्ये दिवस काढत होता.

आज सूर निराळाच आला.

“वितळवून नवी ओतलीय,” गावाहून नुकतीच परतलेली बायको कोट काढत म्हणाली. “आपल्या लेकानेच पुढाकार घेतला.”

“पोटच्या पोराने दगा दिला,” तो पुटपुटला. “आता नाव कुणाचं आहे तिच्यावर?”

“तुम्ही जर्मनांना ज्यांची नावं कळवली होतीत, त्या सगळ्यांची.”

त्याने खिडकी धाडकन लावून घेतली. बायकोने कोट खुंटीला अडकवला आणि खिडकी पुन्हा सताड उघडली.