पुंडलिकशेटच्या दाराकडे बघणारी

साल २०२२. गणपती जाऊन महिना झाला होता आणि पेणला दाजींच्या मूर्तींच्या कारखान्यात फायबरची एक बाई उभी होती. डोक्यावर भाताचा भारा, हातात विळा, पदर खोचलेला. अंगभर रंग चढला होता. फक्त डोळ्यांच्या जागा कोऱ्या होत्या.

डोळे आखायचे ते शांतीने. तरुणपणापासून ती तेच करत आली होती. ज्या हाताने मूर्तीचे डोळे उघडले, त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी त्यांना ब्रश लावायचा नाही, हा दाजींच्या वडिलांपासूनचा रिवाज.

बाई बघायला रोह्याहून पुंडलिकशेट आले. शहर सुंदर करायचं म्हणून तिथल्या मंडळींनी कला मंडळ काढलं होतं, त्याचे ते अध्यक्ष. पुलाचे कठडे रंगवून झाले होते, भिंतींवर मासे नि मोर काढून झाले होते. आता नदीकाठच्या चौकात पुतळा बसवायचा होता. शांतीला बघून शेट जरा अडखळले, मग हसले.

“काय विहीणबाई, अजून दिसतं ना डोळ्यांनी?”

कारखान्यातले हात थांबले. शांतीची लेक सुरभी या माणसाची सून होती. सात-आठ वर्षांपूर्वी तिला मेलेलं मूल झालं. दवाखान्यातून ती घरी आली त्या दुपारी पुंडलिकशेटनी तिची बॅग ओट्यावर ठेवली आणि दार लावून घेतलं. नवरा हर्षद आतच होता. सुरभी त्या बंद दाराकडे बघत बसून राहिली. शेजारच्या बायका बघून जात होत्या, पाणी कोणी विचारलं नाही. संध्याकाळी शांती पेणहून पोचली तेव्हाही ती तशीच बसली होती. रडत नव्हती. आता कोणीतरी उघडेल, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

“दिसतं की,” शांती म्हणाली. “चौथरा किती उंच हाय? आनी समोर काय येतं? नजर त्या बेतानं ठेवायला लागते.”

“चौथरा पुरुषभर. समोर माझंच घर.” शेट खुलले. “असं करा, नजर माझ्या दाराकडेच ठेवा. धान्याची लक्ष्मी ती. आमच्या दाराकडे बघत राहिली तर वाईट काय?”

“वाईट काय नाय. पन सगळ्यांच्या देखत सांगा. मागाहून म्हणाल, म्हातारीनं मनाचं केलं.”

“दाजी, ऐकलंत ना? माझ्या दाराकडे.”

“ऐकलं,” दाजी म्हणाले.

शेटची गाडी गेली तसे दाजी शांतीजवळ आले. “शांते, धंद्याची जागा हाय ही.”

“ऑर्डर दिलीय ना त्यांनी? ऑर्डरीपरमानं करते.”

ती स्टुलावर चढली. देवाचे डोळे आखताना ती मनात देवाचं नाव घ्यायची. त्या दिवशी तिने लेकीचं घेतलं. बुबुळं जराशी खाली, पापणी थकलेली, उजव्या भुवईत लहानपणी पडल्याची खाच. काम झालं तसा तिने ब्रश धुतला, चहा मागवला आणि बशीत ओतून सावकाश प्यायली. इतका गोड चहा तिला कित्येक वर्षांत लागला नव्हता.

उद्घाटनाला बँड होता. पाहुण्यांनी फडकं ओढलं, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांतच शेटच्या शेजारची धोंडुबाई मोठ्याने म्हणाली, “अगो, ही तं सुरभी. त्या दिवशी ओट्यावर बसलेली, तश्शीच बघतेय.”

टाळ्या विरल्या. नजरा पुतळ्यावरून निघाल्या आणि शेटच्या दारावर जाऊन थांबल्या. शांती गर्दीच्या मागे उभी राहून पुंडलिकशेटचं तोंड बघत होती. तेवढ्यासाठीच ती एसटीने आली होती.

डोळे बदलून द्या म्हणून शेटनी पेणला खेपा घातल्या. दाजींनी रिवाज सांगितला. शांतीने विचारलं, “नजर चुकली का कुठं?” रोह्यातला एक रंगारी तयार झाला, पण तोवर बायका पुतळ्याच्या पायाशी हळदकुंकू वाहायला लागल्या होत्या. तो शिडी घेऊन आला तसा परत गेला.

हर्षद दुसऱ्या बायकोला घेऊन कोलाडला राहायला गेला. मंडळाला नवा अध्यक्ष मिळाला. पुंडलिकशेटनी रस्त्याकडचं दार विटा लावून बंद केलं. ते आता मागच्या गल्लीतून घरात जातात आणि बाई विटांकडे बघते. दाजींना रोह्याहून पुन्हा काम आलं नाही, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. धोंडुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सगळी हकीकत सांगते. त्या दुपारी पाणी विचारलं नाही, तेवढं वगळते.

सुरभीने पेणलाच शिवणाचं दुकान टाकलं, पुन्हा संसार मांडला. इतक्या वर्षांत ती रोह्याला एकदाच गेली, पुतळा बघायला. परत आली, चपला काढल्या आणि आईशेजारी येऊन बसली. शांती दिवसभर तिचीच वाट बघत होती. लेक काय म्हणते ते ऐकायला तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

“आये, त्या दारातनं तू मला त्याच संध्याकाळी उठवून आनलं होतंस,” सुरभी म्हणाली. “परत तिथं कशाला उभी केलीस गो?”