घरभेट

"मग काय कळवू त्यांना?" पलंगावर पडलेल्या कंट्रोलरची टाच तळहातावर पेलत सिस्टरने विचारलं.

"कुणाला?" त्याने उगाच वेड पांघरलं.

"परवा सांगितलं ना. परगावच्या त्या हॉस्पिटलला, नोकरीचं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. राहायला क्वार्टर देतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही."

तिने पाऊल हळूच वर दाबलं, मनातल्या मनात तीसपर्यंत मोजलं आणि सोडलं. घोटे आखडू नयेत म्हणून हे रोज करावं लागे. त्याच्या स्नायूंची झीज बाराव्या वर्षी सुरू झाली होती. आता चौतिसाव्या वर्षी उजव्या हाताची दोन बोटं, मान आणि जीभ एवढीच काय ती त्याच्या हुकमतीत उरली होती. जीभ मात्र भलतीच चालू. कानाला हेडफोन लावून तो एका बस कंपनीच्या चौकशीचे फोन घ्यायचा. कुठली गाडी कुठे अडकली, किती वाजता पोचेल, हे दिवसभर लोकांना सांगायचा. 'कंट्रोलर' हे नाव सिस्टरनेच ठेवलेलं.

"स्वतः गादीवरून हलत नाहीत आणि अख्ख्या शहराला हलवतात," ती म्हणायची. तो हसायचा, हसता हसता छातीत कफ खुळखुळायला लागायचा, आणि तिने खोकल्याच्या मशीनचा मास्क तोंडाला लावलेलाही असायचा. "हं, घ्या श्वास. आता खोका. अजून. शाब्बास."

पाच वर्षं झाली होती. घरोघरी सिस्टर पाठवणाऱ्या संस्थेने तिच्याआधी दोघींना पाठवलं होतं. एक महिन्यात पळाली, दुसरी तीन महिन्यांत. ही टिकली. सुरुवातीला अकरा वाजता संस्थेच्या व्हॅनमधून यायची, अंगात पांढरा कोट, हातात वही, वहीत आईची सही. पुढे वेळ सकाळी साडेसहाची झाली, व्हॅनऐवजी तिची स्कूटर आली, वही गेली. "आता सगळं मोबाइलवर असतं, आई," असं ती म्हणाली होती. आईला काय, सकाळची वेळ बरीच पडली.

"संस्था भली हो," आई शेजारणीला सांगायची. "एक पैसा न घेता माणूस पाठवते. रविवारसुद्धा चुकवत नाही."

सव्वासहापासून कंट्रोलरचे कान रस्त्याकडे लागायचे. गल्लीत दहा स्कूटर होत्या, पण तिची वळणावर जरा अडखळायची. मग जिना, मग चप्पल, मग "उठले का साहेब?" रात्रभर श्वासाच्या मशीनचा मास्क लावून नाकावर वळ उठलेला असायचा. त्यावर ती बोटाने मलम लावायची. तेवढं अर्धं मिनिट तो डोळे मिटून घ्यायचा. दुखतं म्हणून, असं तिला वाटत असावं.

त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. कामावर आलेल्या माणसाच्या मायेला भलतं नाव द्यायचं नाही. ती बिचारी ड्यूटी करते, आणि आपल्याला उठून दुसऱ्या खोलीतही जाता येत नाही. अशा माणसाने मनातलं बोलून दाखवलं, तर समोरच्याने जायचं कुठे?

"बोला की," सिस्टर म्हणाली. तिने दुसरं पाऊल हातात घेतलं होतं. "एरवी तर थांबत नाही तुम्ही."

"चांगली संधी आहे," तो म्हणाला. "सोडू नका."

तिने तीसपर्यंत मोजायला सुरुवात केली. या वेळी ते बराच वेळ चाललं.

"बरं," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती शेवटची आली. त्याची टाच, पाठ, कंबर कुठे लाल झालीय का ते बघितलं. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघितला. "उद्यापासून माझी मैत्रीण येईल," ती आईला म्हणाली. "तिला सगळं शिकवलंय. मान उजवीकडे जास्त वळवायची नाही, तेवढं लक्ष ठेवा."

मग ती पलंगाशी येऊन उभी राहिली. "काही सांगायचंय?"

ओठांवर आलेलं त्याने गिळलं. "तुम्ही तुमची ड्यूटी फार मनापासून केलीत, सिस्टर."

"हो," ती म्हणाली. "ड्यूटी."

रोज जाताना ती "येते हं" म्हणायची. आज "निघते" म्हणाली.

स्कूटरचा आवाज विरेपर्यंत आई दारातच उभी होती. आत येऊन म्हणाली, "थांब म्हणाला असतास तर?"

"कुणाच्या नोकरीच्या आड येऊ नये, आई."

पण दुसऱ्या दिवशी त्याला चैन पडेना. तिला नाही, निदान तिच्या वरिष्ठांना तरी सांगावं. त्याने संस्थेला फोन लावला.

"तक्रार असेल तर लेखी द्या," कारकून म्हणाला.

"तक्रार नाही हो, कौतुक आहे. सिस्टरच्या फाइलला लागावं म्हणून."

"कौतुकाचा फॉर्म नाहीये आमच्याकडे."

"मग साध्या कागदावर घ्या."

कारकुनाने सुस्कारा सोडत कागद ओढला. कंट्रोलर सांगत गेला. ती आली की खोलीतली हवाच बदलते. तिच्यामुळे छातीचा संसर्ग दोनदा हॉस्पिटलपर्यंत गेला नाही. सकाळ व्हावी असं वाटतं ते तिच्यामुळे. ती गेली, तर घर केवढं मोठं झालंय. पाच वर्षांत तिच्याशी न बोललेलं सगळं त्याने परक्या माणसाच्या कानात ओतलं. शेवटी श्वास लागला तेव्हा थांबला.

"लिहिलं," कारकून आता मऊपणाने म्हणाला. "भेटींचा काळ काय टाकू?"

"पाच वर्षं. कालपर्यंत."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

"साहेब, घरभेटी तर आम्ही तीन वर्षांपूर्वीच बंद केल्या. त्या सिस्टरची नोकरीही तेव्हाच संपली. तसं पत्र प्रत्येक घरी पाठवलं होतं. तुमचं तेवढं त्या स्वतः घेऊन गेल्या होत्या, हातात देते म्हणून."