कल्हई

फोटो काढण्यात रुपचंदचा हात धरणारा शिरपुरात कुणी नव्हता; पण चिनी मातीचं तबक फुटल्यापासून घरच्या अंधाऱ्या खोलीत धुतलेले तीन रोल काळेठिक्कर निघाले. उजेडच शिरतोय म्हणत त्यानं फटी बुजवल्या, बायकोला, यशोदेला, दाराशी फिरकायची बंदी केली. आता उरला लढाईवर गेलेल्या निंबाच्या फोटोचा रोल; त्याची आई ओट्यावर वाट पाहत बसलेली. बंदी मोडून यशोदा आत आली, तबकाऐवजी फिल्मच्या औषधाला घेतलेल्या पितळी पातेल्यात डोकावली. “यानी कल्हई उडी गयी. यामा मी ताकबी ठेवत नही, कळकी जास.” औषधही कळकतं, हे रुपचंदच्या पुस्तकात नव्हतं. तिनं चिनी मातीच्या बरणीतलं वर्षाचं लोणचं शेजारी वाटलं, बरणी राखेनं घासून दिली. तिच्यात रोल धुऊन तासाभरानं त्यानं फिल्म उन्हात धरली, तर निंबाच्या फेट्याचा पीळन् पीळ मोजावा! वर्षभर रुपचंदच्या ताटात लोणचं नव्हतं. त्यानं एकदाही मागितलं नाही.