सहाची चौकशी

डेन्मार्कमध्ये तीस वर्षं समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हेनिंग लांपांग या थाई शहरात भाड्याच्या खोलीत एकटा राहायला आला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला घरमालकीण लमाई मावशी त्याचं दार वाजवी. "काका, भात खाल्ला का?" तो 'हो' म्हणाला की ती आल्या पावली जिना उतरे.

त्याने मुलीला खरमरीत पत्र लिहिलं: 'फोनवर बोलायलाही तू मला तीन आठवडे आधी वेळ घ्यायला लावतेस. इथे एक परकी बाई रोज माझ्या जेवणाची चौकशी करते. ह्याला संस्कृती म्हणतात.' पुढे त्याच मजकुराचा त्याने एक विद्वत्ताप्रचुर लेख केला आणि तिकडच्या नियतकालिकात तो छापूनही आला.

अंक दाखवायला तो खाली गेला, तेव्हा मावशी कच्ची पपई किसत होती.

"मावशी, तुमच्यावर लिहिलंय. सगळ्याच भाडेकरूंना तुम्ही असं मायेनं विचारता ना?"

"छे हो! त्यांना कशाला? त्यांच्या घरात माणसं आहेत की." ती हसली. "तुम्हालाच तेवढं. तुमच्या आधी त्या खोलीत असेच एक गोरे, एकटे काका होते. गेले, तर अकरा दिवस कुणाला पत्ताच नाही! शेवटी वास आला. चांगलं सागवानी दार फोडावं लागलं हो! आता रोज तुमचं 'हो' ऐकलं, की माझ्या जिवाला घोर नाही."



त्या दिवसापासून हेनिंग आतून कडी लावत नाही.